काठावरचे शब्द

गाणं संपताच आत्याला हसू फुटलं.

ते दाबायला तिनं तोंडावर पालथा हात धरला, खोकल्याचं सोंग केलं, पण सत्त्याहत्तर वर्षांचं ते अंग आतून हलतच राहिलं. समोर स्टुलावर उभी असलेली नात, भावाच्या थोरल्या मुलाची नऊ वर्षांची पोर, गोंधळली. छातीशी धरलेली बाहुली तिनं आणखी घट्ट धरली. अंगाई होती ना ती.

"काय झालं, आत्याआजी? चुकलं माझं?"

"नाही गं माझे बाई. घसा खवखवला. म्हण, पुढं म्हण."

"पुढं नाहीये. एवढीच आहे. बाई म्हणाल्या, आपल्या बोलीतली ही सगळ्यात जुनी अंगाई. धक्क्यावरच्या तिन्ही शाळांत म्हणतात. माझी बाहुली दुसऱ्या कशानं झोपतच नाही."

सगळ्यात जुनी. आत्याचं हसू जागच्या जागी वाळलं.

सहा वर्षांपूर्वी, बोली यंत्रात भरणाऱ्या कंपनीच्या त्या खोलीत, जिथं भिंतीभर अंड्यांच्या ट्रेसारखा करडा स्पंज चिकटवलेला होता, एका गोड बोलणाऱ्या मुलीनं तिला विचारलं होतं, आजी, एखादी अंगाई येते का? येत होती. आईनं तिला म्हटलेली, तिनं पाळण्यातल्या भावाला म्हटलेली. पण काठावर उभ्या असलेल्या माणसाला तळातलं काही द्यायचं नसतं. म्हणून आत्यानं बसल्या बसल्या एक रचून दिली. चाल एकीकडची, शब्द दुसरीकडचे, ठिगळाला ठिगळ. परतताना बसमध्ये तिनं ती भावाला, म्हणजे आबांना, ऐकवली आणि दोघं म्हातारी माणसं डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. कंडक्टरनं वळून पाहिलं होतं.

आता पोरीनं बाहुली उशीवर ठेवली, पालथ्या मुठीनं तिला थोपटलं आणि तेच भुशाचं गाणं पुन्हा, अगदी हळू, अगदी मायेनं म्हणायला लागली.

आत्या उठली. गुडघ्यांवर हात ठेवत ठेवत स्वयंपाकघरात गेली आणि दार लोटून घेतलं.

"सूनबाई," ती म्हणाली, "आपण काय करून बसलो गं?"

थोरली सून सिंकशी उभी राहून कप विसळत होती. आज पाच कप जास्तीचे काढले होते. दुपारी दोनच्या बसनं धाकटी येणार होती, म्हणजे तिची नणंद, आणि चार वाजता कंपनीची बाई.

"आपण नाही, आत्याबाई," ती वळून न बघता म्हणाली. "तुम्ही."

"मी म्हणजे काय एकटीनंच..."

"तुम्ही आणि आबांनी. मला मधे घेऊ नका. मी काठावरचीच आहे."

हा टोला एकोणीस वर्षं जुना होता, पण धार गेली नव्हती.

सून बाहेरच्या घरातली. लग्न होऊन आली तेव्हा नवऱ्याची बोली शिकायची म्हणून तिनं वहीच घातली होती. ये, जा, बस, ऊन, मीठ, सगळं घरातल्यांनी हौसेनं शिकवलं. आणि पाच गोष्टींचे शब्द शिकवले ते खोटे. अंग, नदी, लाकूड, माया आणि मरण. होड्या सांधणाऱ्यांच्या या जमातीत परक्याला या पाच गोष्टींचे तळातले शब्द देत नसत. त्यांच्यासाठी काठावरचे वेगळे शब्द होते. तेही पिढ्यान्‌पिढ्या घासून गुळगुळीत झालेले, खऱ्यासारखेच दिसणारे. सुनेला तळातले शब्द तिसऱ्या वर्षी मिळायचे, ती टिकली तर. तीन वर्षं ती काठावरच्या शब्दांत "माझ्या पोटात दुखतंय" असं म्हणायची आणि घरातले गंभीर चेहऱ्यानं मान हलवायचे. तिसऱ्या वर्षी सासू आजारी होती, म्हणून आत्यानं तिला पाठीमागच्या ओसरीत बसवून एकेक शब्द दिला. सून आनंदानं रडते आहे असं आत्याला वाटलं होतं.

"मी तेव्हा कशानं रडले, सांगू?" सून आता म्हणाली. "तीन वर्षं मी ज्याच्या कुशीत ज्या शब्दानं बोलत होते, तो शब्दच नव्हता. आणि नवरा ऐकून घ्यायचा. कधी एका शब्दानं म्हणाला नाही, की अगं, असं नाही."

खालून वर्कशॉपमधून सँडिंग मशीनचा आवाज येत होता. तो थांबला आणि जिन्यावर पावलं वाजली. थोरला वर आला. भुवयांवर फायबरची पांढरी धूळ, हाताला रेझिनचा वास. आजोबांच्या काळी तिथं फळ्यांच्या सांध्यांत कापूस कोंबून वर राळ ओतत. आता प्लास्टिकच्या होड्यांना ठिगळं लावत.

"दोघी एका बाजूला?" त्यानं विचारलं. "आज सूर्य कुठून उगवला?"

"तुझी पोर माझी अंगाई म्हणते आहे," आत्या म्हणाली.

"मला माहीत आहे. मी तीन वर्षं ऐकतोय."

"आणि बोलला नाहीस?"

"काय बोलायचं?" थोरला खुर्चीवर बसला. "धाकटीच्या आयुष्यात दुसरं काय आहे, सांगा ना. नवरा गेला सोडून. मूल नाही. शाळेतली नोकरी आणि ही बोली. तिनं या वस्तीला बोली परत दिली असं लोक म्हणतात. रस्त्यानं चालली की बायका तिचा हात धरतात. तिला जाऊन सांगू, की बाई, तू जे वाटलंस तो कोंडा होता?"

"पोरीचं काय?" सून म्हणाली.

"पोरगी मजेत आहे."

"परवा ती माझ्या कुशीत शिरून काय म्हणाली, ठाऊक आहे? मी लग्नानंतर म्हणायचे तेच. तोच शब्द. मी तिला खरा सांगितला, तर म्हणते, आई, तुझं चुकतं, तू बाहेरची आहेस ना."

थोरल्यानं मान खाली घातली.

"चार वाजता बाई येईल," तो शेवटी म्हणाला. "आबा सही करतील किंवा नाही करणार. ती जाईल. मग बघू. आज नको."

"आज नको, आज नको करत तुमच्या घराण्यानं एक अख्खी भाषा पाण्यात घातली," सून म्हणाली आणि कपांचा ट्रे उचलून बाहेर गेली.

*

धाकटी दोन वाजून दहा मिनिटांनी आली. हातात बिस्किटांचा डबा आणि फाइल. जिना चढतानाच बोलायला लागली.

"आबा, यादीत आली! आपली बोली यादीत आली. आता दवाखान्यात, कचेरीत, तिकिटाच्या खिडकीवर, कुठंही यंत्राशी आपल्या बोलीत बोलता येईल. चाळीस बोली आल्या होत्या, त्यातल्या सात घेतल्या."

आबा खिडकीपाशी बसले होते. लाकूड तासायचा वाकस धरून धरून बोटं आत वळलेली, त्यामुळे हात नेहमी काहीतरी धरल्यासारखे दिसत. त्यांनी लेकीच्या डोक्यावर तो अर्धवट मिटलेला हात ठेवला.

"बस. पाणी पी आधी."

"तुम्हाला आनंद नाही झाला?"

"झाला ना."

तिला तो झालेला दिसला नाही. पण ती सवयीनं पुढं गेली. सहा वर्षांची असताना तिला शहरातल्या मावशीकडं शिकायला ठेवलं, आणि तेव्हापासून या घरात ती पाहुणीच होती. पाहुण्यानं फार निरखून बघू नये. बोली तिला जेमतेम लहानपणापुरती येत होती. पुढची सगळी तिनं आबांच्या ध्वनिफितींवरून शिकली, तिशी उलटल्यावर, रात्रंदिवस हेडफोन लावून. आपल्याच बापाची भाषा कंपनीच्या यंत्रातून.

टेबलाभोवती सगळे बसले. तिनं कागद मांडले.

"हा दुसरा करार. पहिला ध्वनिमुद्रणाचा आणि शाळांचा होता. आता यंत्र आबांच्या आवाजात बोलणार. म्हणजे, आबा नसतील तेव्हाही..." ती थांबली. "म्हणजे, पुढंही."

"दाखव," थोरल्यानं कागद ओढला. बोट ठेवून वाचायला लागला. "'सदर भाषिक सामग्री कंपनीस व कंपनी ज्यांस देईल त्या सर्वांस कोणत्याही प्रयोजनार्थ वापरता येईल.' कोणत्याही म्हणजे?"

"तशी भाषा असतेच करारात."

"धक्क्याचा कंत्राटदार घेईल? कामगार आपसांत काय बोलतात ते ऐकायला?"

"दादा, तू नेहमी..."

"मी विचारतोय. घेऊ शकतो का?"

"कागदावर घेऊ शकतो," धाकटी म्हणाली. "पण म्हणून काय बोली मरू द्यायची? तुला ती आहे ना, तुझ्या तोंडात, फुकट. मला विचार. मला सहा वर्षांची असताना पेटीसकट बसमध्ये बसवलं. तू इथं राहिलास."

"मला काय ऐश होती इथं? राळेत हात भाजले माझे."

"मला भाजायचे होते!"

आत्यानं टेबलावर हळू थाप मारली आणि कुणाकडं न बघता पुटपुटली:

"फळीला फळी भिडे, मधी राळेची ओली रेघ,
भावाबहिणीच्या मधी कुणी ठोकू नये मेख."

"मेख ठोकली ती कुणी, आत्याबाई?" सून म्हणाली.

तेवढ्यात नात आबांच्या मांडीला टेकली आणि त्यांची वळलेली बोटं एकेक करून सरळ करायचा तिचा नेहमीचा खेळ खेळू लागली. आबा तिला बोलीत काहीतरी म्हणाले. सहज, विचार न करता, हाताविषयी.

"आबा, असं नसतं," नात म्हणाली. "हाताला असं नाही म्हणत. शाळेतलं यंत्र लाल करतं. तुम्ही विसरायला लागलात."

धाकटी हसली. "अगं, आबा बाळबोलीत बोलले. तो लहान मुलांचा शब्द. माझी आईपण तसंच म्हणायची. मी विचारलं होतं त्यांना ध्वनिमुद्रणाच्या वेळी, की आई हाताला वेगळं म्हणायची, पोटाला वेगळं, पावसानं फुगलेल्या नदीला तर केवढा सुंदर शब्द होता. आबा म्हणाले, ती बाळबोली, मोठ्या माणसांचे शब्द निराळे. मग मीच यादीतून काढून टाकले सगळे. चौऱ्याऐंशी होते. प्रत्येकापुढं लिहिलं, 'लहान मुलांचे बोबडे बोल, वगळावे.'"

थोरला कागदाची कड दुमडत राहिला. आत्यानं डोळे मिटले.

धाकटीनं सगळ्यांकडं एकदा पाहिलं. पाहुणी असली तरी ती याच घरात जन्मली होती.

"काय आहे?" ती म्हणाली. "वहिनी, काय आहे?"

"सून सांगणार नाही," थोरला म्हणाला.

"सून सांगेल," सून म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "वन्सं, ते बोबडे नव्हते. तेच खरे होते. बाकीचे काठावरचे. परक्यांना द्यायचे. मला तीन वर्षं दिले होते, तसे."

*

आबांना वाटलं, लेक ओरडेल. ती ओरडली नाही. फाइलच्या इलॅस्टिकमध्ये बोट अडकवून बसून राहिली. रबर हळूहळू ताणत होती, हळूहळू सोडत होती.

"किती?" तिनं विचारलं.

"त्या पाच गोष्टींचं सगळं," आबा म्हणाले.

"चार महिने. रोज मी तुम्हाला न्यायला यायचे. थर्मासमधून चहा आणायचे. काचेच्या पलीकडं बसून तुमचं तोंड बघायचे. मला वाटायचं, आबा बोलताना किती तरुण दिसतात."

"बाळ, मी खरं द्यायलाच गेलो होतो."

कुणाचा विश्वास बसणार नाही हे त्यांना माहीत होतं, पण ते खरं होतं. लेकीसाठी जमातीचा नेम मोडायचा, असं ठरवून ते त्या खोलीत शिरले होते. मऊ दार बंद झालं. कानांवर ते जड गोळे चढले. समोरच्या तरुणानं पहिला प्रश्न विचारला, "हाताला काय म्हणता?" आबांनी तोंड उघडलं आणि काठावरचा शब्द बाहेर पडला. त्यांनी काढला नाही, तो आपसूक आला. उतारावर लोटलेली होडी जशी पाण्याकडंच जाते, तसा. सात वर्षांचे असल्यापासून परका चेहरा दिसला की जीभ तिकडं वळायला शिकवली होती. चूक झाली हे कळलं, पण तेवढ्यात काचेपलीकडं लेकीनं आनंदानं दोन्ही मुठी वर केल्या. ते थांबून, नाही, हा खरा नाही, असं म्हणाले असते, तर का, असं विचारलं गेलं असतं. उद्या सांगू, असं त्यांनी ठरवलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या शब्दाला साजेसे दुसरे द्यावे लागले.

"आमच्या आजोबांच्या वेळी," ते आता म्हणाले, "मुकादम बोली शिकला होता. चांगला माणूस म्हणून सगळ्यांनी शिकवली. आणि धक्का बंद ठेवायचं ठरलं, तेव्हा रात्रीचं बोलणं सकाळी मालकाच्या टेबलावर. अकरा घरं उठवली एका दिवसात. तेव्हापासून..."

"मी मुकादम आहे?"

आबांनी नजर दुसरीकडं वळवली.

"सांगा ना. तुमच्या हिशेबी मी कोण? काठावर उभी आहे ती कंपनी. पण घरी येऊन मी विचारलं होतं. या खुर्चीवर बसून. आई हाताला वेगळं म्हणायची, असं मी विचारलं, तेव्हा खोलीत परकं कोण होतं?"

त्या दिवशी लेकीच्या हातात वही होती. आबांच्या जिभेला वही दिसली होती.

"आत्या, तू तरी," धाकटी म्हणाली.

"मी अंगाई रचून दिली गं," आत्या म्हणाली. "थट्टा म्हणून. तीनशे लेकरं म्हणतील असं कुठं ठाऊक होतं?"

"ती पण?"

"ती पण."

धाकटी उठली आणि खिडकीशी गेली. खाली अंगणात दोन होड्या उपड्या पडल्या होत्या, आणि गल्लीतून वस्तीतल्या चार-पाच मुली एकमेकींना काहीतरी ओरडून सांगत चालल्या होत्या. बोलीत. नदीवर जाऊ म्हणत होत्या. तिनंच शिकवलं होतं.

"द्या आता," ती पाठमोरीच म्हणाली. "बाई येतील तेव्हा सगळं सांगा. खरे शब्द द्या. निदान ही पोरं..."

"अगं, पण कोणत्याही प्रयोजनार्थ..." थोरला म्हणाला.

"दादा, गप्प बस तू. तीन वर्षं माहीत होतं तुला."

"लाकड्या," आत्या भावाला त्याच्या लहानपणच्या नावानं म्हणाली, "नको देऊस. कोंडा गेला तो गेला. दाणा आपल्यात राहील. जन्मापासून तळातलं येणारे आपण तिघं उरलो आहोत, तोवर."

"आणि मग?" सून म्हणाली. "तिघं गेल्यावर दाणा काय मडक्यात बोलणार आहे?"

आबांनी मांडीशी टेकलेल्या नातीकडं पाहिलं. ती आळीपाळीनं प्रत्येकाच्या तोंडाकडं बघत होती.

"देतो," ते म्हणाले. "सगळं देतो."

आत्या उठून आतल्या खोलीत गेली. दार तिनं आपटलं नाही. नुसतं लावलं, कडीचा आवाज ऐकू येईल इतपत.

*

कंपनीची बाई बरोबर चारला आली. पन्नाशीची, थकलेल्या डोळ्यांची, बोलायला मृदू. बूट जिन्याखालीच काढून आली. सुनेला वाटलं होतं, तिचा राग येईल. तो आला नाही आणि त्याचंच वाईट वाटलं.

आबांनी उभं राहून सांगितलं. अपराधी माणूस सांगतो तसं, थोडक्यात. मी जे दिलं त्यातलं महत्त्वाचं सगळं खोटं होतं. आता खरं देतो. तुमच्या अटींवर देतो.

बाईनं ऐकून घेतलं. मधे एकदाही घड्याळाकडं पाहिलं नाही.

"मला विश्वास वाटतो तुमच्यावर," ती म्हणाली. "व्यक्तिशः. पण यंत्राचं जरा वेगळं असतं. बोलता का एक वाक्य?"

तिनं टॅब टेबलावर ठेवला. आबांनी घसा साफ केला. त्यांच्या कपाळावर घाम आला होता आणि जीभ दोनदा काठाकडं वळली. धाकटी त्यांच्याकडं एकटक बघत होती. तिसऱ्या वेळी ते बोलले. नदी फुगल्यावर होडी बांधायला जाणारा बाप मुलाला जे सांगतो, ते एक वाक्य. सुनेच्या अंगावर काटा आला. परक्या माणसासमोर ते वाक्य तिनं पहिल्यांदाच ऐकलं.

टॅबवर क्षणभर गोल फिरला. मग अक्षरं उमटली. बाईनं ती वाचून दाखवली नाही, पण नातीनं वाकून वाचली.

"'उच्चार अस्पष्ट. बोलणारी व्यक्ती वृद्ध असावी. तुम्हाला असे म्हणायचे आहे का?' आणि खाली बरोबर वाक्य दिलंय, आबा."

"दुरुस्त करता येईल ना?" धाकटीनं विचारलं. "मी बसते. पगार नको. सगळं पहिल्यापासून करते."

"ताई, ऐका." बाईनं टॅब उलटा ठेवला. "आबांचं ध्वनिमुद्रण तीनशे तासांचं. त्यावर सुरुवात झाली, खरं आहे. पण तीन वर्षं शाळेतली मुलं रोज यंत्राशी बोलताहेत. त्यांचं बोलणंही त्यात जातं. आता मुलांचंच हजारो तास आहे, आणि ती सगळी एकसारखं बोलतात. यंत्र जास्त लोक जे बोलतात ते बरोबर धरतं. नियमही तसाच आहे. मूळ शब्द बदलायचे तर किमान तीस बोलणारे लागतात, वेगवेगळ्या घरांतले. तुम्ही किती आहात?"

"तीन," थोरला म्हणाला. "एक आत दार लावून बसली आहे."

"एका घरातला पाठभेद म्हणून नोंद करता येईल. तळटीप. ती मी नक्की करीन."

"मघाचं ते वाक्य पुसता येईल?" आबांनी विचारलं.

बाईनं टॅब उचलून बघितलं.

"ते गेलं आबा," ती म्हणाली. "बोलल्याबरोबर जातं. सॉरी. मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे."

आबा खाली बसले. खुर्ची आहे की नाही हे न पाहता बसले. थोरल्यानं पटकन मागून ती सरकवली म्हणून बरं.

सहीचा विषय कुणी काढला नाही. जाताना बाई म्हणाली, सही नसली तरी शाळांचं काम थांबणार नाही, पहिल्या करारात ते आलेलं आहे. आवाज मात्र दुसऱ्या कुणाचा तरी घ्यावा लागेल. वस्तीतला एखादा तरुण, शाळेतूनच शिकलेला. तसे बरेच तयार झालेत. तिनं चहा अर्धाच प्यायला होता, त्याची क्षमा मागितली आणि गेली.

थोरला खाली वर्कशॉपमध्ये गेला, पण मशीन सुरू झालं नाही. सुनेनं पोरीला नदीवर धाडलं, इतर मुलींबरोबर. पोर जिन्यावरूनच त्यांना हाका मारत उतरली. आत्याच्या खोलीची कडी निघाली. ती दारात उभी राहिली, आत नाही आणि बाहेर नाही.

धाकटी आबांच्या समोर बसली. तिनं फाइल जमिनीवर ठेवली होती. दोन्ही हात रिकामे करून मांडीवर ठेवले होते, दोघांना दिसतील असे.

"वही नाहीये," ती म्हणाली. "काही नाहीये. फक्त एक सांगा. आई गेली त्या सकाळी मी पोहोचले तेव्हा तुम्ही वाकून तिच्या कानात काहीतरी म्हणत होतात. मी दारात होते. मला ऐकू आलं नाही. काय म्हणालात?"

आबांनी तिच्या रिकाम्या हातांकडं पाहिलं. ओठ हलले, थांबले. मग त्यांनी ते सांगितलं. चार शब्द होते. जाणाऱ्या माणसाला नवरा जे म्हणतो ते. ते म्हणताना त्यांचा आवाज मोडला आणि डोळ्यांतलं पाणी गालाच्या सुरकुत्यांतून वाट शोधत खाली आलं.

चारांतला एकही शब्द धाकटीनं यापूर्वी ऐकला नव्हता. तिनं ते मनात एकदा म्हणून पाहिले. मग तिनं मान वळवली आणि दारात उभ्या असलेल्या आत्याच्या चेहऱ्याकडं पाहिलं, ते तळातले की काठावरचे, तो काय सांगतो ते बघायला.